अपंगांचा मताधिकार : दारापर्यंत पोहोचलेला, आडोशामागे अडलेला

निवडणुकीच्या दुसऱ्या दिवशी वृत्तपत्रांत एक छायाचित्र हटकून असते. चाकांच्या खुर्चीत बसलेला एखादा अपंग मतदार, ती खुर्ची ढकलणारा गणवेशातील विद्यार्थी आणि शाई लावलेले बोट उंचावून दाखविणारे समाधानी हास्य. हे चित्र खोटे नव्हे. वीस-पंचवीस वर्षांपूर्वी ते दुर्मिळ होते, आज परिचयाचे झाले आहे. आणि त्याचे श्रेय अपंगांच्या चळवळीला, न्यायालयाला व निवडणूक आयोगाला द्यावेच लागेल. परंतु हे छायाचित्र नेहमी मतदानकेंद्राच्या बाहेर घेतलेले असते. ज्या पुठ्ठ्याच्या आडोशामागे प्रत्यक्ष मत नोंदले जाते तेथे काय घडले, यंत्राचे बटन कोणाच्या बोटाने दाबले गेले, आणि ज्याचे मत त्याच्याच मनाप्रमाणे पडले याची खात्री त्याला स्वतःला कशी पटली, हे त्यात दिसत नाही. अपंगांच्या मताधिकाराचा खरा प्रश्न आता या आडोशामागे येऊन थांबला आहे.

भारतीय संविधानाने मताधिकार देताना मतदाराच्या अंगी कोणतीही विशेष पात्रता मागितली नाही. अनुच्छेद ३२६ अन्वये प्रत्येक प्रौढ नागरिक मतदार होण्यास पात्र आहे. १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत बहुसंख्य मतदार निरक्षर होते. तेव्हा मतदाराने आधी अक्षर शिकावे आणि मग मत द्यावे, असे कोणी म्हटले नाही. प्रत्येक उमेदवाराची स्वतंत्र पेटी ठेवून तिच्यावर त्याचे चिन्ह लावण्यात आले. मतदार पद्धतीला जुळत नसेल तर पद्धतीने मतदाराशी जुळवून घ्यावे, हे तत्त्व त्या दिवशी रुजले. आग्रह होता तो एकाच गोष्टीचा. मतदार ही स्वतःच्या नावाने ओळखली जाणारी व्यक्ती असली पाहिजे. यादी तयार करताना ज्या स्त्रियांनी स्वतःचे नाव न सांगता केवळ अमक्याची पत्नी वा तमक्याची मुलगी एवढेच सांगितले, अशा सुमारे २८ लाख स्त्रियांची नावे पहिले मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांच्या कारकीर्दीत यादीबाहेर राहिली. निर्णय कठोर होता, त्यावर टीकाही झाली. परंतु दुसऱ्याच्या आधाराने ओळखला जाणारा मतदार प्रजासत्ताकाला मान्य नाही, हे त्यातून स्पष्ट झाले. अपंगांच्या बाबतीत मात्र नेमके हेच तत्त्व पुढे सोयीस्करपणे विसरले गेले.

निरक्षरांसाठी पेटीवर चिन्ह रंगविणाऱ्या व्यवस्थेला पायऱ्यांवर उतार बसविण्याचे सुचण्यास अर्धे शतक लागले. २००४ च्या लोकसभा निवडणुकीच्या तोंडावर 'डिसेबल्ड राइट्स ग्रुप'चे जावेद अबिदी यांनी सरन्यायाधीशांना पत्र लिहिले. ते पत्र याचिका मानून सर्वोच्च न्यायालयाने त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये मतदानकेंद्रांवर लाकडी रॅम्प बसविण्याचे आदेश दिले. त्याच वर्षी आंध्र प्रदेशातील आसिफनगरच्या पोटनिवडणुकीत मतदानयंत्रावर ब्रेल आकडे उमटविण्याचा प्रयोग झाला, आणि २००९ च्या लोकसभा निवडणुकीपासून तो देशभर लागू झाला. मध्यंतरी २००७ मध्ये भारताने संयुक्त राष्ट्रांच्या अपंगविषयक करारास अनुसमर्थन दिले होते. त्याच्या पूर्ततेसाठी आलेल्या २०१६ च्या अधिनियमाचे कलम ११ सांगते की, सर्व मतदानकेंद्रे अपंगांना सुगम असतील आणि निवडणूक प्रक्रियेशी संबंधित सर्व साहित्य त्यांना समजेल व वापरता येईल अशा स्वरूपात असेल, याची खबरदारी भारत निवडणूक आयोग व राज्य निवडणूक आयोग यांनी घेतली पाहिजे. कलमाची भाषा निःसंदिग्ध आहे. 'शक्यतो', 'यथावकाश' असे सरकारी पळवाटांचे शब्द तेथे नाहीत.

तरीही व्यवहारात काय होते, हे निवडणुकीच्या कामावर जाणाऱ्या कोणाही शिक्षकास वा कारकुनास ठाऊक आहे. मतदानकेंद्र बहुधा शाळेत असते. मतदानाच्या आदल्या दिवशी तेथे रॅम्प येतो आणि मतदान संपले की उचलला जातो. त्याच शाळेतील अपंग विद्यार्थी मात्र दुसऱ्या दिवसापासून पुन्हा पायऱ्या मोजू लागतो. वास्तविक २०१६ च्या अधिनियमानुसार सार्वजनिक इमारती सुगम करण्यासाठी नियम प्रसिद्ध झाल्यापासून पाच वर्षांची मुदत होती. नियम जून २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले. म्हणजे मुदत २०२२ मध्येच संपली. नोव्हेंबर २०२४ मध्ये राजीव रतुरी यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सुगमतेची मानके केवळ शिफारशीच्या स्वरूपात ठेवणारा नियमच मूळ कायद्याशी विसंगत ठरविला आणि बंधनकारक मानके तयार करण्यास केंद्र सरकारला सांगितले. शाळेची इमारत वर्षाचे तीनशे पासष्ट दिवस सुगम असती, तर मतदानाच्या दिवशीच्या रॅम्पचे छायाचित्र घेण्याचे कारणच उरले नसते.

येथे संख्येचाही विचार केला पाहिजे. २०११ च्या जनगणनेत देशातील अपंगांची संख्या २ कोटी ६८ लाख होती. एकट्या महाराष्ट्रात ती सुमारे २९ लाख ६३ हजार. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीच्या वेळी मतदार यादीत अपंग म्हणून नोंद असलेले मतदार मात्र देशभरात सुमारे ८८ लाख होते, आणि त्याच वर्षीच्या विधानसभा निवडणुकीत महाराष्ट्रात सहा लाखांच्या वर. जनगणनेच्या आकड्यातून अठरा वर्षांखालील मुले वजा केली, तरी ही तफावत भरून येत नाही. शिवाय जनगणनेनंतर अपंगत्वाचे कायदेशीर प्रकार सातावरून एकवीसवर गेले आहेत. याचा अर्थ उरलेले सर्वजण मतदारच नाहीत, असा नव्हे. अनेकांची नावे यादीत असतील, पण त्यांपुढे अपंगत्वाची खूण नसेल. ती करून घेण्यासाठी नमुना ८ भरून द्यावा लागतो, ही माहिती किती घरांपर्यंत पोहोचली आहे, हा प्रश्नच आहे. ज्या केंद्राच्या यादीत अपंग मतदार दिसतच नाही, त्या केंद्रावर चाकांची खुर्ची तरी कोणासाठी मागवायची, असा विचार स्थानिक यंत्रणेने केल्यास नवल नाही. १९९५ च्या कायद्यात 'अपंग' होते, सरकारी भाषेत ते पुढे 'दिव्यांग' झाले. नाव बदलले म्हणून पायरी उतरत नाही आणि यादीतील रिकामा रकानाही भरत नाही.

हे सारे दारापर्यंतचे झाले. आता दाराच्या आत. १९६१ च्या निवडणूक संचालन नियमांतील ४९ एन हा नियम अंध व शारीरिक दुर्बलता असलेल्या मतदारांविषयी आहे. मतदाराला यंत्रावरील चिन्ह ओळखता येत नाही किंवा मदतीवाचून बटन दाबता येत नाही, अशी केंद्राध्यक्षाची खात्री पटली, तर अठरा वर्षांवरील एका सोबत्याला मतदारासह आडोशामागे जाऊ द्यावे, असे तो सांगतो. हा सोबती मतदाराच्या वतीने व त्याच्या इच्छेनुसार मत नोंदवितो. गुप्तता पाळण्याचे प्रतिज्ञापत्र त्याच्याकडून घेतले जाते आणि त्या दिवशी कोणत्याही केंद्रावर त्याला दुसऱ्या कोणाचा सोबती होता येत नाही. नियमामागील हेतू चांगला आहे. एकाच कार्यकर्त्याने वस्तीतील दहा अंधांची मते उरकू नयेत, यासाठी घातलेले शेवटचे बंधनही आवश्यकच होते. परंतु 'त्याच्या वतीने' आणि 'त्याच्या इच्छेनुसार' या दोन शब्दप्रयोगांत केवढे अंतर आहे! पहिल्याची पूर्तता सर्वांना दिसते. दुसऱ्याची पूर्तता झाली की नाही, हे एकट्या सोबत्यालाच ठाऊक असते. सोबती कोण असतो? बहुधा मुलगा, सून, भाऊ, कधी शेजारी. ज्यांच्यावर अपंग माणसाचे जेवणखाण, औषधपाणी व निवारा अवलंबून असतो त्यांपैकीच कोणी. त्यांच्या मतापेक्षा आपले मत वेगळे असेल, तर ते त्यांच्याच हातून नोंदवून घेण्याचे धैर्य किती जणांस होईल? गुप्त मतदानाची पद्धत जमीनदार, सावकार व मालक यांच्या दडपणापासून दुबळ्या मतदाराला वाचविण्यासाठी आली. घरातल्या घरात असलेल्या अवलंबित्वापासून मात्र ती अंध मतदाराला वाचवीत नाही.

सप्टेंबर २०१३ मध्ये 'नोटा'संबंधीच्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने मतदानाची गुप्तता हा अभिव्यक्तिस्वातंत्र्याचाच भाग असल्याचे म्हटले. कोणालाही मत न देणाऱ्याची निवड गुप्त राहावी, म्हणून यंत्रावर एक नवे बटन आले. जो मत नाकारतो त्याच्या गुप्ततेची एवढी काळजी घेणाऱ्या व्यवस्थेने, जो मत देऊ इच्छितो पण पाहू शकत नाही त्याच्या गुप्ततेविषयी सोबत्याच्या प्रतिज्ञापत्रावर समाधान मानावे, हे न्यायाच्या तर्कात बसत नाही.

यावर ब्रेल यंत्र हे उत्तर आहे, असे सांगितले जाते. आणि ज्यांना ब्रेल येते त्यांच्यापुरते ते खरेही आहे. केंद्रावर उमेदवारांची ब्रेलमधील यादी मिळते, तिच्यावरून क्रमांक समजून घ्यायचा आणि यंत्रावरील त्या ब्रेल क्रमांकाशेजारचे बटन दाबायचे, अशी ही पद्धत. मात्र उतारवयात दृष्टी गमावलेल्यांना ब्रेल शिकण्याची संधी क्वचितच मिळालेली असते. त्यातच केंद्राध्यक्षाला ही यादी आपल्या पेटीत आहे याची कल्पना नसली, किंवा रांग लांबते म्हणून त्याने "सोबत कोणी आहे ना, मग त्यांनाच घ्या" असे सुचविले, तर ब्रेलचे आकडे यंत्रावर असून नसल्यासारखेच. नियमानुसार सोबती ही मतदाराने मागावयाची मदत आहे. ती त्याच्यावर लादावयाची नाही. केंद्राध्यक्ष बहुधा शिक्षक किंवा शासकीय कर्मचारी असतो. त्याच्या प्रशिक्षणात यंत्राच्या मोहरा आणि नमुन्यांचे रकाने यांवर जेवढा वेळ जातो, त्याच्या दहाव्या हिश्शाने वेळ या एका मुद्द्याला मिळाला, तरी कितीतरी अंध मतदार पहिल्यांदाच एकटे मतदान करतील.

बटन स्वतः दाबले तरी पुढची अडचण उरतेच. ऑक्टोबर २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मतदानयंत्राला कागदी पडताळणीची जोड मुक्त व निःपक्ष निवडणुकीसाठी अपरिहार्य ठरविली. २०१९ पासून लोकसभेच्या प्रत्येक मतदानकेंद्रावर यंत्राशेजारी काचेची खिडकी असते. तिच्यात मत दिलेल्या उमेदवाराचे चिन्ह छापलेली चिठ्ठी सात सेकंद दिसते व मग पेटीत पडते. डोळस मतदाराला आपले मत योग्य ठिकाणी गेल्याची ग्वाही ती चिठ्ठी देते. अंध मतदाराला फक्त एक लांब 'पीं' असा आवाज ऐकू येतो, आणि तो सर्व उमेदवारांसाठी सारखाच असतो. यंत्रांवरील विश्वासाविषयी देशात गेली काही वर्षे मोठा वाद झाला. एप्रिल २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सर्व चिठ्ठ्यांची मोजणी करण्याची मागणी फेटाळली, त्यावरही भरपूर चर्चा झाली. या वादात दोन्ही बाजूंच्या विद्वानांना, चिठ्ठी ज्याला दिसूच शकत नाही अशा मतदाराची आठवण अपवादानेच झाली. कानाला लावण्याच्या साधनातून चिन्हाचे नाव ऐकविणे हे आजच्या तंत्रज्ञानाला अवघड नाही. रेल्वे स्थानकावर आणि बँकेच्या पैसे देणाऱ्या यंत्रात आवाज बोलतोच आहे.

ज्यांना घराबाहेर पडता येत नाही, त्यांच्यासाठी २०१९ च्या नियमदुरुस्तीने घरूनच टपाली मतदानाची सोय झाली. प्रथम झारखंडमध्ये ती वापरण्यात आली आणि २०२४ मध्ये प्रथमच संपूर्ण लोकसभा निवडणुकीत उपलब्ध झाली. चाळीस टक्के वा अधिक अपंगत्व असलेला मतदार नमुना १२ डी भरून देतो, मग मतदान पथक त्याच्या घरी येते. खाटेला खिळलेल्या मतदाराला यामुळे वर्षानुवर्षांनंतर मत देता आले, ही मोठीच गोष्ट आहे. पण येथेही आडोसा घरातलाच. पथक दारात, शेजारी ओसरीवर, कुटुंब भोवती. आणि हाती कागदी मतपत्रिका, जी अंध मतदाराला पुन्हा सोबत्याच्याच स्वाधीन करते. दुसरा एक धोका अधिक सूक्ष्म आहे. घरपोच मतदान सुरू झाले म्हणजे केंद्र सुगम करण्याची निकड उरली नाही, असे स्थानिक प्रशासनाला वाटू लागते. कलम ११ ने केंद्रे सुगम करण्यास सांगितले आहे. मतदाराने घरी बसावे, असे सांगितलेले नाही. रांगेत उभे राहून, चार शेजाऱ्यांच्या देखत, त्यांच्याइतकाच नागरिक म्हणून मत देणे यालाही मूल्य आहे.

आतापर्यंतचा विचार शरीराच्या अपंगत्वाचा झाला. मनाच्या बाबतीत कायदा याहून पुष्कळ मागे आहे. १९५० च्या लोकप्रतिनिधित्व अधिनियमाचे कलम १६ म्हणते की, जी व्यक्ती मनोविकल आहे व सक्षम न्यायालयाने तसे घोषित केले आहे, तिचे नाव मतदार यादीत घालता येणार नाही. हे 'व' अक्षर महत्त्वाचे आहे. डॉक्टरांचा दाखला, कुटुंबीयांचे म्हणणे किंवा मतदारनोंदणी अधिकाऱ्याचा समज यांपैकी कशानेही नाव गळू शकत नाही. न्यायालयाची घोषणाच हवी. २०१७ च्या मानसिक आरोग्य अधिनियमानेही हे स्पष्ट केले आहे की, मानसिक आजाराच्या निदानावरून कोणी मनोविकल ठरत नाही. कायद्याचे अक्षर असे असताना व्यवहार उलटा चालतो. 'त्याला काय कळते', असे म्हणून घरचेच नाव नोंदवीत नाहीत, आणि न्यायालयाची पायरी न चढताच माणूस मतदार यादीतून बाद होतो.

या तरतुदीची वंशावळ तपासली, तर आणखी एक गोष्ट लक्षात येते. १९१२ चा वेडसरांविषयीचा कायदा आणि त्याची जागा घेणारा १९८७ चा कायदा यांत व्यक्तीची मानसिक क्षमता तपासण्याची न्यायालयीन चौकशी होती. ती प्रामुख्याने मिळकतीच्या व्यवस्थेसाठी. ज्याच्या नावावर शेत, घर वा ठेव नाही, त्याच्या मनाची चौकशी करण्याचे कोणाला कारणच पडत नसे. मिळकतीच्या बंदोबस्तासाठी योजलेली ही मोजपट्टी मताधिकारालाही लागू झाली. २०१७ च्या अधिनियमाने १९८७ चा कायदा रद्द केला आणि तशी चौकशीची पद्धत नव्या कायद्यात ठेवली नाही. अपात्रता राहिली, ती ठरविण्याची जुनी रीत गेली. कोणत्या न्यायालयाने, कोणत्या कसोटीवर व किती काळासाठी घोषणा करावी, आणि आजार ओसरल्यावर मताधिकार परत कसा मिळावा, यांविषयी निवडणूक कायदा मौन पाळतो.

यावर एक आक्षेप हमखास येतो. असा मतदार दुसऱ्याच्या सांगण्यावरून मत देईल, त्याच्या मताचा गैरवापर होईल. शंका अगदीच निराधार नाही. पण दुसऱ्याच्या सांगण्यावरून मत देणाऱ्या धडधाकट मतदारांची देशात वाण नाही, आणि त्यांची परीक्षा घेण्याचे कोणी सुचवीत नाही. एके काळी हाच आक्षेप निरक्षरांविषयी आणि स्त्रियांविषयी घेतला गेला होता. युरोपात हा वाद निकालात निघू लागला आहे. मानवी हक्क न्यायालयाने २०१० मध्ये हंगेरीविरुद्धच्या खटल्यात, पालकत्वाखाली असलेल्या व्यक्तीचा मताधिकार वैयक्तिक तपासणीवाचून सरसकट काढून घेणे अमान्य केले. पुढे स्पेनने २०१८ मध्ये कायदा बदलून सुमारे एक लाख लोकांना मताधिकार परत दिला. २०१९ मध्ये जर्मनी व फ्रान्स यांनीही असे निर्बंध हटविले. त्यामुळे तेथील निवडणुका कोलमडल्या नाहीत.

आपल्याकडेही एक उदाहरण आहे. २०१९ च्या लोकसभा निवडणुकीत चेन्नईच्या किल्पॉक येथील मनोरुग्णालयात मतदानकेंद्र उघडण्यात आले आणि तेथील शंभरावर रुग्णांनी मतदान केले. नोंदणी अधिकाऱ्यांनी हे कायद्याच्या चौकटीत राहूनच केले, हे विशेष. कारण त्याच १९५० च्या अधिनियमाचे कलम २० म्हणते की, मनोरुग्णालयात उपचार घेणारी व्यक्ती केवळ तेवढ्याच कारणाने तेथील सामान्य रहिवासी मानली जाणार नाही. आणि हेच ते तुरुंगात असलेल्या व्यक्तीविषयीही, त्याच वाक्यात, म्हणते. घरच्यांनी नाव काढून टाकलेले, बरे होऊनही कोणी न्यायला न आलेले आणि रुग्णालयातच दहा-वीस वर्षे राहिलेले लोक देशातील अनेक मनोरुग्णालयांत आहेत. सर्वोच्च न्यायालयानेही २०१७ मध्ये त्यांची दखल घेतली होती. त्यांचे घर कोणते, या प्रश्नाला कलम २० जवळ सरळ उत्तर नाही. चेन्नईच्या अधिकाऱ्यांनी 'केवळ' या शब्दाचा उदार अर्थ लावला असावा. दुसऱ्या जिल्ह्यात दुसरा अधिकारी तो तसा लावीलच, याची शाश्वती नाही. २०२५ पासून बिहारमध्ये व नंतर इतर राज्यांत मतदार याद्यांची विशेष सखोल फेरतपासणी सुरू झाली. तीत नाव टिकविण्यासाठी अर्ज भरून देण्याचा भार मतदारावर आहे. ज्याच्या वतीने अर्ज भरणारे कोणी नाही, त्याचे नाव अशा वेळी सर्वांत आधी धोक्यात येते.

यांतील कोणतीही दुरुस्ती अवघड नाही. अनुच्छेद ३२६ मनोविकलतेच्या कारणावरून अपात्रता ठरविण्याची मुभा कायदेमंडळाला देतो, सक्ती करीत नाही. तेव्हा कलम १६ मधील तो खंड गाळण्यासाठी किंवा काटेकोर करण्यासाठी संविधानाला हात लावावा लागत नाही, संसदेचा साधा कायदा पुरतो. कलम २० मधून रुग्णालयाचा उल्लेख काढून त्याला तुरुंगापासून वेगळे करण्यासही तेवढेच पुरेसे आहे. ४९ एन हा तर नियम आहे. १९५१ च्या अधिनियमानुसार केंद्र सरकार आयोगाचा सल्ला घेऊन तो बदलू शकते, आणि पडताळणी यंत्राला ऐकू येणारी जोड देण्याची तरतूदही याच मार्गाने होऊ शकते. २०१३ मध्ये कागदी चिठ्ठीची पद्धत आणताना याच नियमांत दुरुस्ती करण्यात आली होती, आणि त्यासाठी संसदेच्या अधिवेशनाची वाट पाहावी लागली नव्हती.